चौथा पाय

१

करवतीला जाडी असते. हे कुणी सांगेपर्यंत लक्षात येत नाही. आपण लाकडावर रेघ मारतो, रेघेवर पातं ठेवतो आणि कापतो. वाटतं, अगदी मापात कापलं. पण पात्याच्या जाडीएवढं लाकूड भुसा होऊन खाली पडलेलं असतं आणि ते कुणाच्या तरी वाट्यातून गेलेलं असतं. म्हणून जो तुकडा टाकायचा आहे त्या बाजूला फुली मारायची आणि करवत फुलीच्या अंगानं चालवायची. कापून झाल्यावर रेघ आपल्या तुकड्यावर शिल्लक दिसली पाहिजे. दादा म्हणायचा, "रेघ ठेव. रेघ खाऊ नकोस."

मी खायचो. घाई माझ्या रक्तातच आहे. टेम्पो चालवतानाही सिग्नल पिवळा झाला की माझा पाय ब्रेक सोडून भलतीकडेच जातो.

दादा दिवसभर विम्याच्या ऑफिसात टेबलामागे बसायचा आणि संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत लाकूडकाम करायचा. छंद म्हणून. एक चमचासुद्धा कधी विकला नाही. आईवडील गेले तेव्हा मी सातवीत होतो, तेव्हापासून मी दादा-वहिनींजवळच वाढलो. गेल्या वर्षी तो म्हणाला, "छोट्या, रविवारी गल्लीच्या तोंडाशी खांब होऊन उभा राहतोस, त्यापेक्षा माझ्याकडे ये. हाताला वळण लागेल."

त्याची शिकवायची एक पद्धत होती. माझं चुकलं की तो ओरडायचा नाही, काय चुकलं तेही सांगायचा नाही. तेवढाच दुसरा तुकडा घ्यायचा, त्यावर चाकूनं रेघ मारायचा, पेन्सिलीनं फुली काढायचा, टेबलाच्या शिकंज्यात आवळायचा आणि चहा प्यायला घरात जायचा. मी पुन्हा कापायचो. पण नुसतं नीट कापून सुटका नसायची. परत आला की विचारायचा, "मघाशी काय चुकलं होतं?" ते माझ्या तोंडून निघेपर्यंत शिकंज्यात नवा तुकडा येत राहायचा. एकदा एका फळीसाठी मी अकरा तुकडे कापले. शाळेत मास्तरांनी माझ्यामागे एवढा वेळ घातला असता तर सातवीत दप्तर माळ्यावर गेलं नसतं.

२

माझ्या हातचं पहिलं काम म्हणजे एक स्टूल. दीड-दीड फुटाचे चार पाय, वर सागाची बैठक. तीन पाय बरोबर कापले. चौथ्याच्या वेळी फोन वाजला आणि मी घाईत रेघेच्या आतल्या अंगानं करवत घातली. पाय एका पात्याएवढा आखूड झाला. पायांच्या खालच्या कडा रंध्यानं थोड्या उतरवायच्या असतात, नाहीतर स्टूल ओढताना लाकडाचा छिलका निघतो. तेही विसरलो. सांधे चिकटवून स्टूल जमिनीवर ठेवलं, तर टक. इकडून दाबलं की टक, तिकडून दाबलं की टक.

यावर उपाय सोपा आहे. स्टूल सपाट जागी ठेवायचं. जो पाय अधांतरी राहतो त्याच्याखाली पातळ पट्टी सरकवून ते स्थिर करायचं. मग त्या पट्टीच्या जाडीएवढे बाकीचे तीन पाय खालून कापायचे. तासाभराचं काम आहे.

आठवडाभर मी ते टाळलं. मग पट्टी सरकवली आणि तिथंच थांबलो. पॉलिश पेपरच्या पाकिटाचा पुठ्ठा दुमडला, डिंकाचा थेंब लावला आणि आखूड पायाखाली चिकटवून टाकला. तो गुरुवार होता. रविवारी नीट करू म्हटलं.

शनिवारी दुपारी दादा त्या स्टुलावर चढून माळ्यावर फळ्या टाकत होता. सहा फळ्या होत्या. चार वर गेल्या. मी अंगणात टेम्पो धूत होतो. आवाज ऐकून आत गेलो तेव्हा तो जमिनीवर होता. डोकं शिकंज्याच्या कोपऱ्यावर आपटलं होतं. पुठ्ठा स्टुलापासून हातभर लांब पडला होता.

मी आधी पुठ्ठा उचलून खिशात घातला. मग वहिनींना हाक मारली.

३

डॉक्टर म्हणाले, चक्कर आली असावी. सगळ्यांनी तेच धरलं. तिसऱ्या दिवशी मी स्टुलाचे तुकडे केले आणि कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भट्टीत नेऊन टाकले. बैठक पेटायला वेळ लागला. मी ती पेटेपर्यंत उभा होतो.

सतरा दिवसांनी वहिनींनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "भाऊजी, रविवारी मिस्त्री येणार आहेत सामान बघायला. कुठली वस्तू काय आहे ते तुम्हालाच माहीत. लावून ठेवा."

मंगळवारी खोली उघडली. दादाचा खाकी ॲप्रन खिळ्यावर होता, खिशात पेन्सिल. माळ्याखाली, शिकंज्यासमोर दोन फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यानं ठेवल्या तशाच. मी शर्ट काढून शिकंज्याच्या दांड्याला अडकवला आणि झाडू घेतला. लाकडाच्या खोलीत रोज झाडावं. बारीक भुसा सिमेंटवर तेलासारखा निसरडा होतो, आणि पटाशी पडली तर सापडत नाही.

झाडून पाठ वळवली आणि मागे आवाज झाला. टक.

मी वळून बघितलं. थोड्या वेळानं पुन्हा झाला. टक. जसं कुणी एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतलंय.

वर पत्रा होता, बाहेर ऊन होतं. पत्रा तापला की वाजतो. शिवाय लाकूड कापलं तरी ते मरत नाही, असं दादाच म्हणायचा. दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, म्हणून रुंद फळी कधी चारही बाजूंनी ठोकून पक्की करू नये, तिला हलायला जागा ठेवावी. तेच कुठंतरी हलत असेल. मी पटाश्या मापाप्रमाणे मांडल्या, शर्ट घातला आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्याच खिशात राहिली.

४

बुधवारी शिकंज्यात एक तुकडा होता.

सागाचा, दीड इंच चौकोनी, दीड फुटाहून थोडा लांब. वर चाकूची रेघ. पेन्सिलीची रेघ जाड असते, तिच्या अलीकडे की पलीकडे हा घोळ राहतो. चाकूची रेघ केसाएवढी असते, म्हणून दादा चाकूच वापरायचा. रेघेच्या उजव्या अंगाला फुली.

मी करवत घेतली आणि कापला. कुणी ठेवला, हा प्रश्न मला कापून झाल्यावर पडला. तोवर रेघ खाऊन झाली होती.

दादानं आधीच आवळून ठेवला असेल. त्याला स्टुलाचा आखूड पाय कळला असेल, नवा पाय करायला लाकूड लावलं असेल आणि माझ्याच नजरेतून सुटलं असेल. पण काल याच दांड्याला मी शर्ट अडकवला होता. तेव्हा शिकंजा मिटलेला होता की नव्हता, किती आठवलं तरी आठवेना. शर्ट आठवत होता, खिळा आठवत होता, मधला भाग कुणीतरी कापून नेल्यासारखा.

गुरुवारी दुसरा तुकडा होता. तीच रेघ, तशीच फुली. मी वहिनींना विचारलं, "तुम्ही खोलीत गेला होतात का?"

"किल्ली तुमच्याकडे आहे की."

तो मी सावकाश कापला. करवतीला रेटायचं नसतं, नुसतं पुढंमागं न्यायचं, दात आपोआप खातात. रेघ शिल्लक राहिली. गुण्या लावून बघितलं, टोक काटकोनात होतं. इतका सरळ तुकडा मी जन्मात कापला नव्हता. शिकंजा मोकळा करून मी तो टेबलावर ठेवला आणि म्हटलं, झालं.

शुक्रवारी तिसरा. तोही नीट कापला. हाताला सवय झाली होती.

शनिवारी चौथा. मी करवतीला हात लावला नाही. स्टुलाला पाय चारच असतात, पण मी त्यासाठी थांबलो नव्हतो. तुकडे नीट कापले तरी ते यायचे थांबत नव्हते, आणि असं कधी होतं ते मला ठाऊक होतं.

५

त्याच दुपारी वहिनी दोन कप चहा घेऊन आल्या. दादा गेल्यापासून त्या या खोलीत पहिल्यांदाच येत होत्या. उंबऱ्यावर थांबल्या, आत पाय टाकला नाही. गालफडं बसली होती. सकाळची पोळी त्या न खाता झाकून ठेवतात, हे मला माहीत होतं.

"उद्या पाच वाजता माझा भाऊ गाडी घेऊन येतोय," त्या म्हणाल्या.

"किती दिवसांसाठी?"

"बघू." त्यांनी कपातल्या सायीकडे बघितलं. "कपाटातलं सगळं भरलंय. घराची दुसरी किल्ली तुम्हाला देते."

म्हणजे दिवस मोजायचे नव्हते. मी चहाचा घोट घेतला. जीभ भाजली.

"भाऊजी, त्या सकाळी मी बोलले ह्यांना. फळ्यांना अडखळून माझं बोट सुजलं होतं. म्हटलं, आजच्या आज वर टाका नाहीतर मी बंबात घालीन. रागानं नीट जेवलेही नाहीत. उपाशीपोटी चढले आणि चक्कर आली. मी तोंड आवरलं असतं तर..."

"तसं नसतं, वहिनी."

"मग कसं असतं?"

पुठ्ठा तेव्हाही माझ्या खिशात होता. रोज पँट बदलली की मी तो नव्या खिशात घालत होतो. बोललो असतो तर त्या पाच वाजताच्या गाडीत हलक्या मनानं बसल्या असत्या. आणि पुन्हा माझं तोंड बघितलं नसतं. गेली बारा वर्षं मला जेवायला वाढणारं एकच माणूस उरलं होतं.

"चक्करच असणार," मी म्हणालो.

टक.

वहिनींनी रिकामा कप घ्यायला हात पुढं केला. "ते स्टूल किती हलतंय," त्या म्हणाल्या. "खाली काहीतरी लावा ना त्याच्या."

आणि कप घेऊन गेल्या. खोलीत स्टूल कुठंय, हे त्यांनी बघितलंही नाही. मी बघितलं. टेबलाखाली, दाराआड, माळ्यावरसुद्धा. मग अंगणात येऊन टेम्पोच्या पायरीवर बसलो आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिलो.

६

मिस्त्री रविवारी तीनला आले. गावभर दारं-खिडक्या करून म्हातारे झालेले, कानामागे पेन्सिल. दादा ऑफिसातून येताना त्यांच्या दुकानात जाऊन बसायचा.

"हौशी माणसाचं सामान," एक पटाशी अंगठ्यावर तपासत ते म्हणाले. "माझ्या पटाश्यांनी रंगाचे डबेसुद्धा उघडलेत. ह्याच्या बघ, नवऱ्या मुलासारख्या ठेवल्यात."

रंधे, पटाश्या, करवती त्यांनी गोणपाटात गुंडाळल्या. मग टेबलाकडे आले आणि शिकंज्यातला तुकडा काढायला दांडा फिरवला. फिरला नाही. दोन्ही हातांनी जोर लावला. "कुणी आवळलाय एवढा?"

मी गोणपाटाची गाठ बांधायला वाकलो.

"बरं, तुझं ते स्टूल दाखव. दादा सांगत होता, पोरानं पहिलं स्टूल केलं म्हणून."

"सांगत होता?"

"अरे, डोकं उठवलं माझं. म्हणाला, मिस्त्री, हलतं थोडं, एक पाय आखूड आहे. मी म्हटलं, मग सांग की त्याला. तर म्हणे, नाही, त्याच्या तोंडून येऊ दे. तोवर मी त्याच्यावर जपून चढेन." मिस्त्री हसले. "आणि शुक्रवारी आला तो काय खुशीत. म्हणाला, आता हलत नाही. गपचूप दुरुस्त केलं पठ्ठ्यानं. रविवारी त्याच्याकडून वदवून घेतो."

मी टेबलाला धरलं.

दादाला माहीत होतं. हलणाऱ्या स्टुलावर तो आठवडाभर जपून चढत होता आणि त्याला काही झालं नव्हतं. शनिवारी तो बेफिकीर चढला, कारण ते हलत नव्हतं. कारण मी पुठ्ठा लावला होता.

"काय रे, बरं वाटत नाही का?" मिस्त्रींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जा, पाणी पी. मी दुकानातून लोखंडी पाइप घेऊन येतो. दांड्यात घालून फिरवला की कसा उघडत नाही बघू."

त्यांच्या स्कूटरचा आवाज गल्लीतून गेला. पावणेचार झाले होते. दादा पडला तेव्हाही साधारण एवढेच झाले होते.

७

टक.

या वेळी मी वर बघितलं नाही, खाली बघितलं. सकाळी झाडलं नव्हतं, जमिनीवर भुशाचा पातळ थर होता. माळ्याखाली त्या थरात चौकोनी ठसे होते. तीन स्वच्छ, छापल्यासारखे. चौथ्या जागी भुसा विस्कटलेला होता.

टक. विस्कटलेला भुसा माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा थोडा सरकला.

माझी घाई मला सगळीकडे नडली आहे. तेव्हाही मी विचार केला नाही. गुडघे टेकले आणि उजवा तळहात उताणा करून त्या चौथ्या जागेवर ठेवला.

आधी काही नव्हतं. मग काहीतरी टेकलं. दीड इंच चौकोनी. कडा धारदार होत्या, उतरवलेल्या नव्हत्या. त्या उतरवायला मी विसरलो होतो. मग वजन आलं. मोठ्या माणसाचं, हळूहळू, पूर्ण.

आवाज थांबला. आता स्टूल हलत नव्हतं.

"भाऊजी? काय करताय खाली बसून?"

वहिनी दारात होत्या. खांद्याला पर्स, हातात घराची दुसरी किल्ली. मला हात काढता येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी काढायचा प्रयत्नही केला नाही. डाव्या हातानं खिशातला पुठ्ठा काढून जमिनीवर ठेवला.

"चक्कर आली नव्हती," मी म्हणालो. "एक पाय आखूड होता. मी रेघ खाल्ली होती. त्याच्याखाली हा पुठ्ठा लावून झाकलं, म्हणून दादाला वाटलं, मी दुरुस्त केलं. तो पडल्यावर मी आधी हा उचलला, तुम्हाला नंतर हाक मारली. तुमचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं."

मागे शिकंज्याचा दांडा आपोआप सैल झाला आणि खणकन खाली आला. चौथा तुकडा जमिनीवर आपटला.

मला वाटलं, आता वजन उतरेल. उतरलं नाही. तळहाताची हाडं सिमेंटला टेकली होती. वर लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज झाला, लांब, सावकाश, आणि माझ्या मानेवर भुसा पडला. भिंतीशी दोन फळ्या होत्या. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला आता एकच दिसत होती.

वहिनी काहीतरी बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. त्या रडत नव्हत्या. पुठ्ठ्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडेही नाही. त्यांच्या हातातली किल्ली पडली, तरी त्यांना कळलं नाही. त्या माझ्या डोक्याच्या वर, माळ्याच्या उंचीवर बघत होत्या. आणि त्यांचे ओठ, रोज ऑफिसातून आलेल्या माणसाला काहीतरी विचारावं तसे, हलले.

शेवटची फळी भिंतीवरून उचलली गेली. तिचं वजनही माझ्या हातावर आलं.

ती वर टाकून झाली की तो उतरेल. स्टुलावरून उतरताना आधाराला तो नेहमी माझ्या डोक्यावर हात टेकायचा.

मी मान खाली घातली आणि हलायचं नाही असं ठरवलं.